उलटी बसलेली प्लेट

पैज लागली ती बुधवारी संध्याकाळी, इमारतीच्या फाटकाशी, शिंपीकाकांच्या दुकानाच्या पायरीवर. निमित्त अगदी फुटकळ होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या पाचरने सकाळी जिन्यात एक कागद चिकटवला होता: 'विषम तारखेला जिना फक्त चढण्यासाठी.' खाली गोल शिक्का, वाचता न येणारी सही, सगळं व्यवस्थित. शिंपीकाका आधीच गुडघ्यांनी बेजार. ते दुसऱ्या मजल्यावर माप घ्यायला गेले होते, ते तिथेच पाऊण तास अडकून बसले.

पाचर हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण चांगल्या चाललेल्या दोन गोष्टींच्या मधे घुसून त्या थांबवायची तिची हौस लहानपणापासूनची. सत्तेचाळीस वर्षं झाली तरी गेली नव्हती. त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच.

"तू चार दिवस थाप न मारता राहून दाखव," काका म्हणाले. "तुझी जीभच गळून पडेल."

"दाखवते. पुढे?"

"रविवारी सकाळी दहापर्यंत एकही थाप नाही. राहिलीस तर मी एक पाय लांब, एक पाय तोकडा अशी पँट शिवतो आणि आठवडाभर घालतो. बाजारातसुद्धा."

"आणि हरले तर?"

काकांनी पाऊण तास वाया घालवला नव्हता. उत्तर तयार होतं. "इथे, फाटकात, स्टुलावर उभं राहायचं. आजवर या इमारतीत जेवढ्या थापा मारल्यास तेवढ्या एकेक करून मोठ्याने सांगायच्या. आणि प्रत्येक थापेची माफी मागायची."

तेवढ्यात पाचरच्या सासूबाई भाजीची पिशवी घेऊन आल्या. त्यांना पंच नेमलं. सुनेच्या पैजेत पंच व्हायला सासू काय आढेवेढे घेणार? त्या लगेच तयार झाल्या.

बाजूला तळमजल्यावरचे फिटरदादा उभे होते. पाचरच्याच कारखान्यात एकोणीस वर्षं मशीनं जोडणारा माणूस. इमारतीत हा एकटाच असा, ज्याची खोडी काढायच्या फंदात पाचर पडत नसे. कारण आपली खोडी निघाली हेच त्यांच्या लक्षात येत नसे. ते गंभीरपणे म्हणाले, "काका, पँटचं कापड जाड घ्या. थंडी आहे."

गुरुवारी सकाळी सव्वाआठला पाचरचा फोन वाजला.

"ताई, लवकर या. हात मोडला."

"दादा? कुणाचा हात?"

"मशीनचा. माझा मोडला असता तर परवडलं असतं."

पाचर ज्या कारखान्यात कामाला होती, तिथे जगात एकच असेल अशी मशीनं बनत. गिऱ्हाईक येऊन सांगे, मला अमुक एक काम माणसाशिवाय करायचंय. मग पाचर ते मशीन आधी डोक्यात, मग कॉम्प्युटरवर बनवी. बाहेरून भाग कापून येत आणि दादा ते जोडत. कधी बिस्किटं मोजणारं मशीन, कधी झाडूला दांडा बसवणारं.

या वेळचं काम होतं रंगाच्या बादल्यांना कडी बसवण्याचं. पट्ट्यावरून बादली येणार, वरून एक हात खाली येणार, हाताच्या टोकाला दोन पोलादी पंजे. पंज्यांनी तारेची कडी धरायची आणि तिची टोकं बादलीच्या कानांत दाबायची. मिनिटाला बावीस बादल्या. गिऱ्हाईक शनिवारी अकरा वाजता ट्रायल बघायला येणार होतं.

गुरुवारी सकाळी दादांनी मशीन चालू केलं. पहिल्याच बादलीला पंजे कानाऐवजी बादली धरून ठेवणाऱ्या साच्यावर आपटले. एक पंजा वाकला, हाताचा कोपरा चिरला.

पाचर पोचली तेव्हा सगळे मशीनभोवती जमले होते. मालक, कंबरेवर हात. मालकांचे जावई, चार महिन्यांपूर्वी कामात आलेले, हातात सतत फोन. सगळे त्यांना जावईबापू म्हणत, त्यांच्या तोंडावरसुद्धा. वायरमन, म्हणजे मशीनची वायरिंग आणि प्रोग्रॅम दोन्ही करणारा. खरेदीवाला, नीट भांग पाडलेला, बाहेरून येणारं सगळं सामान ज्याच्या टेबलावरून जाई तो. आणि दादा, हातात स्पॅनर, चेहरा पांढरा.

"काल चार वाजता चाळीस बादल्या काढल्या," वायरमन म्हणाला. "एक चुकली नाही. मी स्वतः मोजल्या."

"मग रात्रीत भूत आलं?" मालक म्हणाले. "पंज्यांवरची प्लेट उघडा."

दादांनी सहा बोल्ट काढले आणि प्लेट उचलली. पाचर वाकून बघत होती. तिला तीन गोष्टी खटकल्या.

पहिली, प्लेट उलटी बसलेली होती. डावीकडची बाजू उजवीकडे.

दुसरी, प्लेट जागेवर धरून ठेवणाऱ्या दोन गुळगुळीत पोलादी खुंट्या, ज्यांना सगळे डॉवेल म्हणत, त्या गायब होत्या. त्यामुळे प्लेट फक्त बोल्टांवर होती आणि बोल्टांच्या भोकांत ती केसभर सरकत होती. पंजे सरकले ते म्हणूनच.

तिसरी गोष्ट, प्लेटखाली काहीच नव्हतं. आणि काहीतरी असायला हवं होतं.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत, सगळे कॅन्टीनमध्ये असताना, ती आणि दादा दोघंच मशीनपाशी होते. पंजा एक केस खाली लागत होता. उंची साधायला खाली सारायच्या पातळ स्टीलच्या पट्ट्यांचं, म्हणजे शिमचं, पाकीट संपलं होतं आणि खरेदीवाला दिवसभर बाजारात होता. मग पाचरने आपला कोल्ड्रिंकचा नारिंगी डबा संपवला, दादांनी कात्रीने त्याची एक पट्टी कापली आणि प्लेटखाली सरकवली. पंजा बरोबर बसला. उरलेला डबा पाचरने चेपून आपल्या पिशवीत टाकला आणि घरी नेऊन फेकला. असं लपूनछपून करायचं कारण मालक. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाईकाला मशीनखाली डब्याचा पत्रा सापडला होता, तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, पुन्हा कुणी हा उद्योग केला तर त्याने त्याच दिवशी घरी जायचं.

दादांनी पाचरकडे बघितलं. त्या नजरेत एकच विनंती होती.

"प्लेट उलटी लावलीत, दादा?" मालकांनी विचारलं.

"मी? नाही साहेब. मी कशी लावीन?"

"शेवटचा हात तुमचाच होता ना?"

"पाचला आम्ही दोघं निघालो. तोवर बरोबर होती."

"मॅडम, प्लेटखाली सगळं ठीक होतं?"

आता पाचर एरवी डोळ्याचं पातं न हलवता थाप मारून मोकळी झाली असती. पण सासूबाई पंच होत्या. "काल चाळीस बादल्या निघाल्या," ती म्हणाली. "जे होतं त्याने काम चालत होतं."

मालकांनी तिच्याकडे जरा रोखून बघितलं. मग दादांकडे वळले. "वय होतं माणसाचं. नजर जाते, हात चुकतो. शनिवारपर्यंत मशीन उभं करा. सोमवारपासून येऊ नका."

दादांनी स्पॅनर पुसून पेटीत ठेवला, मग पुन्हा बाहेर काढला, कारण काम बाकी होतं.

"साहेब," पाचर म्हणाली, "शनिवारी सकाळपर्यंत मला शोधू द्या. हे दादांचं काम नाही."

"शोधा. पण ट्रायल आधी."

सगळे गेल्यावर पाचर बोल्ट बघत बसली. दादांची एक सवय होती. बोल्ट आवळला की त्याच्या डोक्यावरून प्लेटवर पांढऱ्या पेंट पेनाने एक रेघ ओढायची. पुढे बोल्ट कुणी उघडला तर रेघ तुटते आणि कळतं. सहाही बोल्टांवर रेघा होत्या, शाबूत. पाचरने नख लावलं. रेघ कपचीसारखी निघाली.

"दादा, तुमचं पेन असं निघतं?"

"घासून बघा. थिनर लावल्याशिवाय हलत नाही."

"मग हे काय?"

दादांनी वास घेतला. "ऑफिसातलं व्हाइटनर."

व्हाइटनरची बाटली ऑफिसच्या खिडकीत असे आणि वाटेल तो वापरे. वायरमन तिने वायरींवर नंबर टाकी. पण दादांच्या खिशात चोवीस तास पेंट पेन. त्यांना बाटली कशाला लागेल?

बुधवारी पाचनंतर कारखान्यात तिघं होते. पाचरने तिघांना एकेकटं गाठलं.

वायरमन पॅनेलमध्ये डोकं घालून बसला होता.

"काल किती वाजता गेलास?"

"सहा. सेन्सरची जागा बदलत होतो."

"प्लेट उघडलीस?"

"मी कशाला उघडू? मला नटबोल्टची ॲलर्जी आहे. तुम्हालाच ठाऊक."

"दुसरं कोण होतं?"

"जावईबापू व्हिडिओ काढत होते. मशीनचा, आणि मशीनपुढे स्वतःचा. मी निघालो तेव्हा ते होतेच."

जावईबापूंनी फोन पाठीमागे घेतला.

"व्हिडिओ कशाला, जावईबापू?"

"असंच. घरी दाखवायला."

"बघू?"

त्यांनी नाखुशीने दाखवला. मशीनसमोर उभं राहून जावईबापू म्हणत होते, हे मशीन मी डिझाइन केलंय. पाचरने व्हिडिओ दोनदा बघितला. प्लेट सरळ होती. वेळ पाच अठ्ठावन्न.

"हा सासऱ्यांना दाखवणार नाही ना?" जावईबापूंनी घाम पुसत विचारलं.

"सासऱ्यांना कशाला. माझं मशीन चोरलंत, मलाच दाखवलंत, एवढं पुरे. तुम्ही किती वाजता गेलात?"

"लगेच. सहा वाजून दोन मिनिटं. फाटकात खरेदीवाले भेटले, ते आत येत होते."

खरेदीवाल्याने चहा मागवला. त्याचं टेबल नेहमीसारखं लख्ख.

"काल दिवसभर बाजारात होतात ना?"

"सकाळी नऊला गेलो तो सहाला आलो. बेअरिंगचा खोका स्टोअरमध्ये टाकला आणि पाच मिनिटांत निघालो."

"मशीनपाशी गेलात?"

"छे. मशीनशी आपला काय संबंध? मी फक्त आणून देणारा." त्याने बिस्कीट पुढे केलं. "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. दादांना तुम्ही पाठीशी घालताय. पण मी इथे शिमची पाकिटं आणून आणून थकतो आणि ते नारिंगी पत्रे कापून काम भागवतात. असल्या जुन्या खोडीच्या माणसाकडून प्लेट उलटी लागली तर नवल काय?"

"नवल नाही," पाचर म्हणाली आणि बिस्कीट चहात बुडवलं. ते तुटून कपात पडलं.

दुपारी ती वाकलेला पंजा घेऊन वायरकटवाल्याकडे गेली. पंज्याला एक वळणदार खाच होती, कडीची तार त्यात बसे. अशी खाच विजेच्या तारेने कापावी लागते आणि तसं मशीन त्या भागात एकाकडेच होतं.

वायरकटवाल्याने पंजा हातात घेतला आणि हसला. "मॅडम, हे काम सकाळीच आलंय की. पुन्हा कशाला आणलंत?"

"सकाळी? आमच्याकडून?"

"मला वाटलं तुमचंच." त्याने हाताने काढलेला एक कागद समोर ठेवला. पंज्याचं चित्र. प्रत्येक माप बरोबर, खाचेची खोली चौदा मिलिमीटर. आणि कोपऱ्यात एक भोक.

पाचरने त्या भोकावर बोट ठेवलं. ते भोक सोमवारी दादांनी चुकून पाडलं होतं. त्याचा काही उपयोग नव्हता, त्रासही नव्हता, म्हणून तसंच राहू दिलं. तिच्या ड्रॉइंगमध्ये ते भोक नव्हतंच.

"हे कोणी दिलं?"

"नाव नाही सांगणार, मॅडम. फोनवर बोलणारी पार्टी आहे, मलाही धड माहीत नाही. उद्या तुमचं नाव दुसऱ्याला सांगितलं तर चालेल तुम्हाला?"

"नाही चालणार. बरं, एक कर. त्या पार्टीने मापात काही बदल कळवला तर मला फक्त आकडा सांग. नाव नको."

त्याने मान खाजवली. बारा वर्षांचं गिऱ्हाईक. "आकडा सांगायला हरकत नाही."

त्या संध्याकाळी पाचर केराची पिशवी घेऊन खाली उतरली आणि जिन्यातच थबकली. दिवसभरात तिला कुणीतरी एक गोष्ट सांगितली होती, जी त्या माणसाला ठाऊक असायचं काहीच कारण नव्हतं. कोणती, ते इथे सांगत नाही. बोलणं सगळं वर दिलेलं आहे, ज्याला हवं त्याने मागे जाऊन बघावं.

पण नुसतं तेवढ्यावर भागणार नव्हतं. समोरचा म्हणाला असता, ऐकलं होतं कुठेतरी. तिला वाद घालता येणार नाही असा पुरावा हवा होता आणि तो मिळवायचा तिला एकच रस्ता दिसत होता. तोच रस्ता तिला बंद होता. तळमजल्यावर दादांच्या दाराशी त्यांची बायको दादांचा कामाचा डगला धुऊन वाळत घालत होती. दोनच दिवस घालायचा होता तो, तरी कॉलर घासघासून धुतलेली.

शुक्रवारी सकाळी पाचरने मालकांना एक बंद पाकीट दिलं. "उद्या सकाळी उघडा. त्याआधी नको."

"यात काय साप आहे?"

"साप कोण ते उद्या कळेल."

मग तिने वायरमनला गाठलं, मग जावईबापूंना, मग खरेदीवाल्याला. तिघांनाही एकेकट्याला, सहज बोलता बोलता, एकच बातमी सांगितली. बादलीवाल्यांनी बादली बदलली. आता पंज्याची खाच चौदा खोल चालणार नाही, बदलावी लागणार. प्रत्येकाला नवीन आकडाही सांगितला. बोलताना तिने मनातल्या मनात सासूबाईंना हात जोडले, कारण बादली तीच होती आणि खाच चौदाच राहणार होती.

दादा दिवसभर मशीनवर होते. वायरकटवाल्याने नवा पंजा दुपारी पाठवला, हाताचा चिरलेला कोपरा वेल्डिंगवाल्याने भरून दिला. दादांनी प्लेट सरळ बसवली, नव्या खुंट्या ठोकल्या आणि रेघा ओढल्या. रोजच्यापेक्षा जास्त सरळ.

चार वाजता वायरकटवाल्याचा फोन आला. "मॅडम, आकडा आला." त्याने आकडा सांगितला. पाचरने फोन ठेवला आणि पुढचा अर्धा तास कुणाचीही खोडी न काढता काम करत बसली. ऑफिसातल्या लोकांना वाटलं बाई आजारी आहेत.

शनिवारी साडेनऊला मालकांच्या खोलीत सगळे बसले. दादा दाराशी उभे.

"बोला," मालक म्हणाले. "दीड तासात गिऱ्हाईक येतंय."

"आधी प्लेट," पाचर म्हणाली. "साहेब, बोल्टांची सहा भोकं दोन्ही बाजूंना सारखी आहेत. प्लेट उलटी केली तरी बोल्ट बसतात. पण दोन डॉवेलची भोकं मी मुद्दाम सारखी ठेवत नाही. एक मधल्या रेघेपासून चाळीसवर, दुसरं चौतीसवर. का? तर प्लेट उलटी ठेवली की डॉवेल जातच नाहीत आणि जोडणाऱ्याला कळतं. ही भोकं दादांनी स्वतः पाडली. त्यांना डॉवेल गेले नाहीत तर ते प्लेट फिरवतील. फेकून कोण देईल? ज्याला डॉवेल कशासाठी असतात हे माहीत नाही, तो."

"म्हणजे बाहेरचा?"

"आतलाच. पण मशीन न जोडणारा. त्याने काम झाल्यावर दादांच्या रेघा पुन्हा ओढल्या, ऑफिसच्या व्हाइटनरने."

"पण उघडायचं कशाला? ड्रॉइंग आहे की."

"ड्रॉइंग जुनं आहे." पाचर जराशी ओशाळली. "ही माझी चूक. पहिल्यांदा बनणारं मशीन कागदावरचं जसंच्या तसं चालत नाही. जोडताना दादा घासतात, आम्ही बदलतो, ट्रायल झाली की मग मी ड्रॉइंग सुधारते. आज पंज्याचा खरा आकार फक्त पोलादात आहे. ज्याला आपलं चालतं मशीन हवं, त्याला प्लेट उघडून मापं घ्यावीच लागणार. आणि घेतली. वायरकटवाल्याकडे आपल्या पंज्याची नक्कल करायला आली आहे. दादांनी चुकून पाडलेल्या भोकासकट."

मालकांनी खुर्ची पुढे ओढली. "कोणाची?"

"पाकीट उघडा."

मालकांनी पाकीट फाडलं. आत एक चिठ्ठी. त्यांनी मोठ्याने वाचली. "वायरमनला सांगणार, खाच तेरा. जावईबापूंना सांगणार, पंधरा. खरेदीवाल्यांना सांगणार, सोळा."

"बादली बदललीच नाही," पाचर म्हणाली. "तिघांना तीन थापा मारल्या. काल चार वाजता वायरकटवाल्याला त्या पार्टीने बदल कळवला. त्याच्या फोनवर निरोप आहे: खाच चौदा नको, सोळा करा."

वायरमनने हळूच आपली खुर्ची खरेदीवाल्यापासून वीतभर लांब सरकवली.

"हा योगायोग आहे," खरेदीवाला म्हणाला. भांग अजून नीट होता. "सोळा काय, कुणीही म्हणेल."

"म्हणेल. म्हणून अजून एक." पाचर थांबली. हे बोलायचं म्हणजे दादांना खड्ड्यात ढकलायचं होतं.

दादांनीच तिला सोडवलं. "साहेब, प्लेटखाली मी डब्याचा पत्रा घातला होता. बुधवारी. तुम्ही नको म्हटलं होतं, तरी घातला."

"डबा माझा होता," पाचर म्हणाली. "नारिंगी. सगळे कॅन्टीनमध्ये असताना कापला आणि उरलेला डबा मी घरी नेला. गुरुवारी सगळ्यांसमोर प्लेट उघडली तेव्हा खाली पत्रा नव्हताच, उघडणाऱ्याच्या हातून तो बाहेर पडला असणार. दादांनी पूर्वी पत्रे कापलेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण या वेळचा पत्रा कुठल्या रंगाचा, हे दादा, मी आणि ज्याने बुधवारी सहानंतर प्लेट उचलली तो, एवढ्याच तिघांनी पाहिलं. खरेदीवाले, तुम्ही बुधवारी दिवसभर बाजारात होता. मशीनपाशी गेला नाहीत म्हणालात. मग गुरुवारी मला 'नारिंगी पत्रे' कुठून सांगितलेत?"

खरेदीवाल्याची नजर मालकांकडून चिठ्ठीकडे, चिठ्ठीकडून दाराकडे गेली. दारात दादा होते. मग त्याने खिशात हात घातला आणि दोन छोट्या पोलादी खुंट्या टेबलावर ठेवल्या.

"बादलीवाल्यांना वर्षभरात आणखी तीन मशीनं लागणार आहेत," तो हळू म्हणाला. "दुसरा एक कारखाना ती करायला तयार होता. चालतं मशीन दिलं तर मला तिथे मॅनेजर करणार होते. मशीन मोडावं असं नव्हतं माझ्या मनात. घाईत प्लेट फिरली."

"आणि दादांवर आलं तेव्हा?" मालकांनी विचारलं.

खरेदीवाल्याने भांगावरून हात फिरवला.

"किल्ल्या ठेवा. बाकी माझा वकील बोलेल."

तो गेल्यावर मालक बराच वेळ खुंट्या बोटाने फिरवत राहिले. मग दादांना म्हणाले, "आत्ता खाली पत्रा आहे?"

"नाही साहेब. स्टीलची शिम आहे. स्वतः जाऊन आणली."

"मग मशीन गरम करा. आणि सोमवारी वेळेवर या." जरा थांबून, कागदाकडे बघतच ते म्हणाले, "परवा बोललो ते बोलायला नको होतं."

अकरा वाजता गिऱ्हाईक आलं. मिनिटाला बावीस बादल्या, एकही कान चुकला नाही. जावईबापूंनी व्हिडिओ काढला. या वेळी मशीनपुढे दादांना उभं करून.

रविवारी दहाला फाटकात अख्खी इमारत जमली होती. शिंपीकाका लांबतोकड्या पँटचं माप मनात घोळवत उदास उभे होते. सासूबाईंनी घसा साफ केला.

"एखादी थाप मारलीस का, सूनबाई?"

कारखान्यातलं इथे कुणाला काही ठाऊक नव्हतं. दादा सांगणाऱ्यातले नव्हते. पाचर नाही म्हणाली असती तर जिंकली असती.

"तीन," ती म्हणाली.

काकांचा चेहरा असा खुलला की समोरच्या दुकानदाराने विचारलं, काय झालं. दादांनी स्टूल आणून ठेवलं. पाचर चढली.

अर्धा तास लागला. जिन्याची नोटीस झाली. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंच्या दाराची बेल शेजारच्या दाराला जोडली होती, ती झाली. मग ती शिंपीकाकांकडे वळली. "सात वर्षांपूर्वी काकांच्या टेपचा पहिला इंच कापून पट्टी पुन्हा जोडली होती. एकच दिवस. त्या दिवशी ज्यांची मापं घेतली त्यांची कंबर एक इंच जास्त भरली. माफ करा."

दुसऱ्या मजल्यावरचे बँकवाले हळूच म्हणाले, "मी तेव्हा तीन आठवडे रात्रीचं जेवण सोडलं होतं."

"आणि पँट आली ती एक इंच सैल," त्यांची बायको म्हणाली. "कारण काका कापड लाकडी पट्टीने कापतात. तुम्ही अख्ख्या इमारतीला सांगत फिरलात, बघा, कसा उतरलो."

हसू थांबेपर्यंत पाचर स्टुलावर उभी राहिली. मग सगळी गोष्ट सांगितली, बादलीची, प्लेटची, तीन आकड्यांची. "वायरमनची माफी मागितली. जावईबापूंचीही मागितली."

"आणि तिसऱ्याची?" सासूबाईंनी विचारलं.

"त्याची नाही मागणार."

"प्रत्येकीची, असं ठरलं होतं. मी पंच आहे."

पाचर स्टुलावरच हाताची घडी घालून उभी राहिली. पैज तशीच लटकली.

"ताई, उतरा," दादा म्हणाले. "ती मी मागतो. माझ्यासाठीच मारली होती ना थाप."

ते स्टुलावर चढले. डगल्याची कॉलर सारखी केली, हात जोडले आणि एरवी बोल्ट मोजतात त्या गंभीर आवाजात रस्त्याकडे तोंड करून म्हणाले, "खरेदीवाले साहेब, ताईंनी तुम्हाला सोळा सांगितलं. खाच चौदाच आहे. तुमचं मशीन चालणार नाही. चुकीबद्दल क्षमस्व."

एकोणीस वर्षांत दादांनी मारलेला तो पहिला विनोद. कुणाला आधी कळलंच नाही. मग सगळ्यांत आधी सासूबाई हसल्या, एवढ्या की त्यांना धरून पायरीवर बसवावं लागलं. दादांनी आजूबाजूला बघितलं, आपलं काही चुकलं का म्हणून, आणि मग त्यांचंही तोंड हळूहळू पसरत गेलं.